मोठ्या कार्यक्रमाची गर्दी आणि रात्रीचा परतीचा प्रवास: नेमकी काय तयारी करावी?

वाटसरू_६७
मोकळ्या मैदानातला कार्यक्रम आहे, आठ-दहा हजार लोक येतील. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई. परत येताना रात्रीची बस. 'काळजी घ्या' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. गर्दी धोक्याची होते आहे हे आत उभं असताना ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर करायचं काय? पाठीवर सॅक न्यावी का? बसबद्दलही काही असेल तर सांगा.

मोजपट्टी
माणसं मोजत बसू नका, अंगाला होणारा स्पर्श मोजा. चौरस मीटरला तीन-चार जण असतील तर तुम्ही वळू शकता, वाट काढू शकता. पाचाच्या आसपास चारही बाजूंनी धक्के लागायला लागतात. निघायची वेळ ही. हात वर करून चेहऱ्याला लावता येत नसेल तर उशीर झालाय. सहा-सातच्या पुढं गर्दी पाण्यासारखी वागते: पाय न हलवता तुम्ही पुढं-मागं झुलता. ही लाट जाणवली की कार्यक्रम विसरायचा.

पायदळी तुडवून माणसं मरतात हा समज अर्धाच खरा आहे. बहुतेक वेळा उभ्याउभ्याच श्वास कोंडतो, कारण छाती फुगायला जागा उरत नाही. जुन्या दुर्घटनांत वाकलेल्या लोखंडी कठड्यांवरून तो दाब साडेचारशे किलोच्या वर गेला असावा असा हिशेब निघतो. आणि मागच्याला यातलं काहीच कळत नाही. त्याला दिसते ती फक्त अडलेली रांग, म्हणून तो आणखी रेटतो. दक्षिण कोरियात सोल शहराच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२ च्या चेंगराचेंगरीत १५९ लोकांचा जीव गेला. तिथं चेंगरण्याची भीती सांगणारा पहिला फोन पोलिसांना संध्याकाळी ६:३४ ला गेला होता, दुर्घटना रात्री दहानंतरची. धोका अचानक येत नाही, आपण थांबून राहतो.

अडकलातच तर: पाय थोडे मागेपुढे ठेवून उभे राहा, दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर आणा, म्हणजे फासळ्यांपुढं थोडी पोकळी राहते. ओरडण्यात श्वास घालवू नका. लाट आली की तिच्याबरोबर जा, ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेनं दोन पावलं टाका. असं करत करत बाहेर. भिंत, कठडा, स्टेज यांच्यापासून मात्र दूर, कारण तिथं मागून येणारा दाब कुठंच निघून जाऊ शकत नाही. चप्पल, मोबाइल पडला तर पडू द्या. वाकलेला माणूस परत उभा राहीलच असं नाही. पडलात आणि उठता येत नसेल तर कुशीवर वळा, गुडघे छातीशी घ्या, हात डोक्यावर. पालथं किंवा उताणं पडून राहू नका.

दोन_दारं
वरच्याशी सहमत, पण खरं काम आत शिरताना होतं. आल्या दाराशिवाय आणखी दोन वाटा बघून ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेत वेस्ट वॉरविकच्या एका क्लबला आग लागली तेव्हा बहुतेक लोक आले त्याच पुढच्या दाराकडे धावले आणि दारातच माणसांचा ढीग अडकला. १०० जण गेले. येणारे आणि जाणारे एकाच वाटेनं सोडलेले दिसले तर तिथून आधीच लांब व्हा. २०१० मध्ये जर्मनीतल्या डुइसबर्गला हेच झालं होतं, २१ मृत्यू.

मुलाचा सकाळी त्याच कपड्यांत फोटो काढा. मनगटावर बॉलपेननं तुमचा नंबर लिहा, नाव नको. नाव वाचून कुणीही ओळखीचा असल्यासारखं हाक मारू शकतो. 'हरवलास तर तिथंच थांब' हे चार वेळा वदवून घ्या. भेटायची जागा फाटकाबाहेरची आणि न हलणारी हवी, खाऊची गाडी नको. गर्दीत फोन लागत नाही तेव्हा साधा एसएमएस बऱ्याचदा जातो.

ओझं_कमी
सॅकबद्दल. पाठीवर नकोच, पट्टा अडकतो आणि मागच्याची जागा खाते. छातीवर घ्यावी असं अनेक जण सांगतात, पण आत स्टीलची बाटली किंवा लॅपटॉप असेल तर रेट्यात तीच फासळ्यांवर येते. मऊ छोटी पिशवी, नाहीतर काहीच नको.

मुलाला खांद्यावर बसवून गर्दीतून चालू नका, एका धक्क्यात दोघंही जाल. दाटी व्हायच्या आधीच त्याला छातीशी घ्या, तोंड तुमच्या खांद्याच्या वर राहील असं. नंतर हातच वर येत नाहीत.

बस: दाराखेरीज आपत्कालीन खिडकी कुठली आणि हातोडी कुठं आहे ते बसतानाच पाहा. मार काचेच्या मधोमध नाही, कोपऱ्यात. समोरची काच थरांची असते, तडकते पण फुटून मोकळी होत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. सीटबेल्ट असेल तर झोपतानाही लावा. सामान मधल्या वाटेत ठेवू देऊ नका.

वाटसरू_६७
आई भराभर चालू शकत नाही. संपायच्या आधी निघावं की नंतर?

मोजपट्टी
दोन्ही चालेल, फक्त सगळ्यांबरोबर नको. सपाट वाटेनं एक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ऐंशीच्या आसपास माणसं बाहेर पडतात. फाटक तीन मीटरचं असेल तर २४०. म्हणजे दहा हजारांना चाळीस मिनिटांच्या वर लागणार, तेही कुठं अडलं नाही तर. जिन्यावर वेग आणखी कमी. सरकता जिना असेल तर खालच्या टोकाला लोक साचलेत का ते आधी बघा, कारण वरून माणसं येतच राहतात. तसं दिसलं तर आईंना घेऊन त्यावर पाय ठेवू नका. आपत्कालीन थांबवायचं बटण टोकाशी, बहुधा खाली कडेला असतं.

आईंसाठी जागा कडेला, वाटेजवळ आणि सपाट जमिनीवर घ्या, स्टेजसमोर नाही. मग संपायच्या वीस मिनिटं आधी निघा, किंवा मैदान रिकामं होईपर्यंत बसून राहा. बस त्या हिशेबानं, संपल्यानंतर किमान दीड तासानं ठरवा.