शहराच्या विजेचा अभ्यास: सल्लागाराच्या निविदेत काय लिहावं?

प्रश्न: स्वतःचं वितरण, घाऊक खरेदी की छतावरचं सौर, हे तपासायला शहर सल्लागार नेमतंय. कामाच्या व्याप्तीत काय हवंच?

उत्तर १: आधी भाराचा, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज लागते त्याचा डेटा. मासिक बिलांवरचा अभ्यास फसतो. युनिटांची बेरीज जुळते, पण संध्याकाळचा कमाल भार दिसतच नाही. वर्षाच्या ८,७६० तासांचे आकडे, फीडरनिहाय (उपकेंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक वीजवाहिनीचे वेगळे) मागा. १५ मिनिटांचे आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. डेटा कोण, किती दिवसांत देणार हे करारातच लिहा, नाहीतर काम तिथेच अडतं.

उत्तर २: स्वतःचं वितरण करायचं तर खरी गोम सध्याच्या वीज कंपनीचं जाळं ताब्यात घेण्यात आहे. तारा-रोहित्रांची किंमत सगळेच धरतात. हद्दीवर जाळं तोडून वेगळं करताना लागणारे नवे फीडर, मीटर, उपकेंद्रातले ब्रेकर मात्र राहून जातात.

उत्तर ३: नुसती पीडीएफ घेऊ नका. सूत्रांसकट चालती एक्सेल फाइल मागा, व्याजदर २ टक्क्यांनी वाढवून बघा. निष्कर्ष तेवढ्यानेच उलटला तर गृहीतकं कच्ची. शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावरच. आणि पुढचं बांधकाम त्याच सल्लागाराला नाही, ही अट घालाच.

प्रश्नकर्ता: सौरसाठी छत किती धरावं?

उत्तर १: किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर, सावली नसलेलं. पाण्याच्या टाक्या आधी वजा करा.