कंबोडियात सहा महिने इंग्रजी शिकवायला जायचंय, अनुभवी मंडळींनी सांगा

पेठकरीण:
नमस्कार. मी सदाशिव पेठेत राहते. मराठी माध्यमाच्या शाळेत २९ वर्षं इंग्रजी शिकवून यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. ओळखीतून एक विचारणा आली आहे: सिएम रीपजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत सहा महिने बिनपगारी शिकवाल का? राहणं-जेवण गावातल्याच एका कुटुंबात. घरून होकार आहे, मुलगी तर बॅग भरायलाच बसली आहे.

तिथला रोजचा दिवस कसा असतो? मी शाकाहारी आहे, निभेल का? आणि मनात सगळ्यात जास्त घोळतंय ते हे: आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं (पहिलीपासून आलं ते २००० साली). माझे उच्चार मराठी आहेत. परदेशी मुलांना माझ्यासारखीनं इंग्रजी शिकवणं योग्य होईल का?

गवतीचहा:
पेठकरीणताई, अवश्य जा. मी कंबोडियातच बात्तंबांगकडे पाच महिने होते.

आधी तुमची शंका. इंग्रजी घरात बोलत मोठ्या झालेल्या माणसाला ते कसं शिकतात हे आठवत नाही. तुम्ही पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवलीत, म्हणजे मूल कुठे अडखळतं हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. तिथल्या ख्मेर बोलणाऱ्या मुलांचं अडखळणं मात्र वेगळं असतं. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी लिहिलेला 'स' बोलताना 'ह'सारखा विरतो, त्यामुळे 'हाउस', 'बुक्स', 'ही गोज' या सगळ्यांची शेपटी गळते. क्रियापदही काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल' असा शब्द घातला की झालं, म्हणून 'येस्टर्डे आय गो' असंच येतं. मी पहिला महिना व्याकरण काढलंच नाही. शेवटचा 'स' ऐकू आला की टाळी, एवढाच खेळ. दुसऱ्या महिन्यात मुलंच एकमेकांना पकडायला लागली.

दिवस लवकर सुरू होतो. सातच्या सुमाराला झेंडा, राष्ट्रगीत आणि पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगा. अकराला सकाळची पाळी सुटते आणि एकला दुपारची भरते. बऱ्याच शाळा अशा दोन पाळ्यांत चालतात, कारण खोल्या आणि शिक्षक दोन्ही कमी. मधल्या वेळात सगळं गाव झोपाळ्यात आडवं. तुम्हीही आडव्या व्हा, त्या उकाड्यात दुसरं काही सुचत नाही.

भाषेला घाबरू नका. शिक्षकाला तिथे 'क्रू' म्हणतात, बाईंना 'नेआक क्रू'. हा 'क्रू' म्हणजे आपला गुरू. शाळा म्हणजे 'साला', भाषा म्हणजे 'फिएसा'. रविवार 'आतित', सोमवार 'चान', मंगळवार 'अंकिआ'. अंगारकी आठवली की मंगळवार कधी विसरणार नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एवढा आनंद झाला की आईला रात्री फोन करून सातही वार म्हणून दाखवले.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. 'मासे खात नाही' एवढं पुरत नाही. माशाचं पाणी आणि 'प्रहोक' ही आंबवलेल्या माशांची चटणी भाजीतही पडते. भात, नारळ, केळी, गवती चहा, ताडाचा गूळ भरपूर मिळतो. कार्तिक पौर्णिमेला त्यांचा होड्यांचा सण असतो, तेव्हा नव्या भाताचे कांडलेले पोहे केळं आणि शहाळ्याच्या पाण्याबरोबर खातात. 'अंबोक' म्हणतात त्यांना. तोवर तिथे असाल तर चुकवू नका.

एक सवय सोडावी लागेल. शाबासकी देताना आपण मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो, ते तिथे चालत नाही. डोकं पवित्र मानतात.

कर्वेरोड:
ताई, शाळा नक्की शाळाच आहे ना, हे आधी पाहा. माझ्या भाचीनं एका संस्थेला भरपूर पैसे भरले आणि तिला नेलं अनाथाश्रमात. दर आठवड्याला नवे पाहुणे, मुलं गळ्यात पडायची, नाच करून दाखवायची. पुढे कळलं की त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील जिवंत होते. कंबोडियातला हा प्रकार जुना आहे. देणग्यांसाठी गरिबांची मुलं तिथे आणून ठेवतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं तर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी याची दखल घेतली होती. भाची तीन आठवड्यांत परत आली आणि ती मुलं अजूनही तिच्या मनातून जात नाहीत. त्यामुळे विचारा: वर्गात स्थानिक शिक्षिका असणार का? मी गेल्यावर हा तास कोण घेणार? माझी चारित्र्य पडताळणी मागणार का? ही शेवटची मागणी आली तर ती चांगली खूण समजा. पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्स मिळतं. आणि टुरिस्ट व्हिसावर शिकवायला उभ्या राहू नका. कोणता व्हिसा लागेल ते शाळेकडून लेखी घ्या.

सायकलस्वार:
पुण्यातच सराव करून जा. बांधकामांवर बंगाली, तेलुगू बोलणारी मुलं असतात, डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था त्यांच्यात काम करतात. तिथे महिनाभर मराठी-हिंदीचा एक शब्द न वापरता शिकवून बघा. आपण वर्गात 'म्हणजे काय तर' म्हणून मराठीत अर्थ सांगून मोकळे होतो. तिथे तो आधार नसेल. चित्रं, हातवारे, खऱ्या वस्तू यांवरच तास न्यावा लागतो.

पेठकरीण:
तुम्हा सगळ्यांची फार आभारी आहे. आजच विचारून घेतलं. गावाची प्राथमिक शाळाच आहे, वर्गात तिथल्या बाई माझ्याबरोबर असतील. मी गेल्यावर तास त्याच घेणार, म्हणून मुलांइतकंच त्यांच्याबरोबर बसायचं ठरवलंय. चारित्र्य पडताळणी त्यांनी स्वतःहून मागितली. सोमवारपासून शिवाजीनगरच्या एका बांधकामावर जाणार आहे. वहीत सात वार लिहून घेतलेत. कुकर न्यावा का?

गवतीचहा:
कुकर नको, खेड्यात बहुतेक लाकडाची नाहीतर कोळशाची चूल असते. गोडा मसाला, हिंग आणि मेतकूट न्या. तूरडाळ मिळायची पंचाईत होते, मूग मात्र बाजारात मिळतात. घरच्या आजींना एकदा मुगाची उसळ करून घाला. माझ्या आजींनी नंतर दर रविवारी मागून घेतली.