विहिरीवरच्या पेटीत रेडिओ कोणता: तयार मॉड्यूल की चिप थेट बोर्डावर?

तारवाला
विहिरीतली पाण्याची पातळी आणि मोटर चालू आहे की बंद, हे घरी कळवणारी पेटी आम्ही बनवतो. रेडिओ लोराचा (कमी विजेत लांब पोचणारा), 866 मेगाहर्ट्झ, वर्षाला पाचशे-सहाशे नग. त्यात तयार मॉड्यूल बसवतो, म्हणजे रेडिओची चिप आणि तिला लागणारे भाग आधीच जोडलेला छोटा बोर्ड. परवा आमच्याकडे नवीन लागलेला इंजिनिअर पोरगा म्हणाला, मॉड्यूल कशाला? एसएक्स1276 ही लोराची चिप थेट आपल्याच बोर्डावर घेऊ, नगामागे पैसे सुटतील. माझं मत उलटं आहे. दहा हजार नगांच्या आत आरएफच्या, म्हणजे रेडिओ सर्किटच्या, वाटेला जाऊच नये.

चिप स्वस्तच असते हो, तिच्याभोवतीचा गोतावळा महाग. मॅचिंगच्या (सिग्नल परत न फिरता अँटेनात जावा म्हणून लागणाऱ्या) कॉइल आणि कपॅसिटर, पाठवणं-ऐकणं बदलणारा स्विच, हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीत निघणारा नकोसा सिग्नल, दाबणारा फिल्टर. तो फिल्टर हुकला तर 866 ची दुप्पट 1732, आणि 1800 च्या बँडमध्ये मोबाइल टॉवरशी ज्या पट्ट्यात बोलतात तो 1710 ते 1785. म्हणजे आपण थेट त्या पट्ट्यातच. शिवाय पीसीबीवाल्याने बोर्डाच्या एफआर4 या फायबरची जाडी बदलली की अँटेनाकडे जाणारी 50 ओहमची पट्टी 50 ची राहत नाही. मॉड्यूलमध्ये हे सगळं शील्डच्या पत्र्याखाली कुणीतरी आधीच निस्तरून दिलंय. ईटीएच्या (वायरलेस उपकरणाच्या सरकारी मंजुरीच्या) फाइलला जोडायला चाचणी अहवालही तयार मिळतो. मग हौस कशासाठी?

स्मिथचार्ट
निस्तरून दिलंय की झाकून दिलंय?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्राक्षबागेत हवामानाच्या पेट्या लावल्या होत्या, त्यात मॉड्यूलच. ऐन मे महिन्यात दुपारी बाराला गप्प व्हायच्या आणि संध्याकाळी सातला आपोआप बोलू लागायच्या. बॅटऱ्या बदलल्या, अँटेना बदलले, बागायतदाराच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी एकाचा पत्रा उपटला. जुन्या खेपेत टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी वारंवारता धरून ठेवणारा क्रिस्टल, होता, नव्या खेपेत साधा क्रिस्टल. वर छापलेला नंबर तोच!

लांब पल्ला हवा म्हणून आम्ही बँडविड्थ, म्हणजे सिग्नलच्या पट्ट्याची रुंदी, 62.5 किलोहर्ट्झ ठेवली होती. साधारण तिच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे 15.6 किलोहर्ट्झचा दोन टोकांच्या वारंवारतेतला फरक चिप सोसते. उन्हातली पेटी आणि घरात पंख्याखालचा रिसीव्हर एकमेकांपासून 20 पीपीएम (दहा लाखांत 20 भाग) सरकले की 866 मेगाहर्ट्झवर फरक होतो 17 किलोहर्ट्झ. संपलं. चिप मी स्वतः लावली असती तर क्रिस्टल कोणता हे माझ्या खरेदीच्या यादीत असतं. तुमच्या यादीत फक्त 'मॉड्यूल, 1 नग' एवढंच.

तारवाला
माल बदलला ही लबाडीच, मान्य. पण 62.5 च्या खाली टीसीएक्सओ हवा असं चिपची डेटाशीटच सांगते आणि तुम्ही नेमके त्या उंबऱ्यावर बसलात. 125 ठेवली असती तर 3 डेसिबल गेले असते, पण मे निभावला असता. अँटेनाचा पाइप उंच केला की तेवढं भरूनही निघतं. दोष सेटिंगचा, खापर मॉड्यूलवर.

उसातला वायफाय
तुम्ही दोघं पत्र्याच्या आतलं भांडताय. माझी वाट लागली ती बाहेर.

मोबाइल स्टार्टरच्या लोखंडी पेटीत ईएसपी32 या वायफाय चिपचं मॉड्यूल बसवलं, अँटेना पीसीबीवरच छापलेला. लोखंडी डब्यात. (हसून घ्या.) मग प्लॅस्टिकचा डबा आणला, आणि पावसाळ्याच्या भीतीने आत इपॉक्सी ओतलं. 2.4 गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम 31 मिलिमीटर. तिच्याभोवती हवेऐवजी इपॉक्सी आलं की अँटेनाची वारंवारता खाली घसरते. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावून पाहिलं तर आलेखातली दरी, म्हणजे अँटेना जिथे नीट चालतो ती वारंवारता, बँडच्या बाहेर गेलेली. मॉड्यूलचा अहवाल कंपनीच्या मोकळ्या बोर्डावरचा, माझ्या डब्यातला नाही.

वर ऊस. जूनमध्ये बांधापर्यंत पोचणारं वायफाय ऊस डोक्यावर गेला की अर्ध्यातच मरतं. सगळं पाणीच ना ते. म्हणून तारवाल्यांच्या 866 ला माझं मत, पण 'मॉड्यूल घेतलं की आरएफ सुटलं' याला अजिबात नाही.

जुन्नरकर
एक वेगळा मुद्दा. आमच्या तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. तिथल्या रिसीव्हरचं बरंचसं काम पुण्यात एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या लोकांनी केलं. दूरच्या आकाशगंगेचा आवाज ऐकणारा रेडिओ आपण करतो आणि विहिरीवरचा बाहेरून आणतो? सगळेच मॉड्यूल चिकटवत बसले तर पुढच्या पिढीला मॅचिंग शिकवणार कोण?

तारवाला
जुन्नरकर, दुर्बिणीला 30 डिश सांभाळायच्या आणि दिमतीला आख्खी संस्था. माझा माणूस मोटरसायकलवर पाना घेऊन फिरतो. आणि स्वदेशीचं म्हणाल तर बोर्डावर उतरवलेली चिपही सेमटेक या कंपनीचीच, अमेरिकेतली. ते लोरा तंत्रही मुळात फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सायक्लिओ कंपनीचं, 2012 मध्ये सेमटेकने ती कंपनीच विकत घेतली. पत्रा काढल्याने चिप मराठी होत नाही.

स्मिथचार्ट
यावर मी तारवाल्यांकडून. हैदराबादला गॅटेक या सरकारी केंद्रात गॅलियम आर्सेनाइडच्या आरएफ चिपा होतात, पण त्या संरक्षण खात्याच्या कामाच्या. विहिरीच्या पेटीला त्या भावात कोण घेणार?

पण जुन्नरकरांचं शिकण्याचं म्हणणं सोडू नका. आमच्याकडे आता मॉड्यूल आणि अँटेना यांच्यामध्ये तीन सुट्या भागांची जागा ठेवतो. सुरुवातीला मधे शून्य ओहमचा रेझिस्टर, बाकी दोन रिकाम्या. डबा बंद करून मोजायचं, मग भरायच्या. त्या पोराला हे काम द्या, चिप नको.

तारवाला
तीन जागा देतो, त्यात काही जात नाही. दहा हजारांचा आकडा मात्र सोडणार नाही.

स्मिथचार्ट
नका सोडू. फक्त येत्या खेपेतल्या एका मॉड्यूलचा पत्रा उपटा आणि जुन्याशेजारी ठेवून फोटो टाका.

तारवाला
सोमवारी माल येतोय. टाकतो.