गोइटाइन नावाच्या इतिहासकाराबद्दल कोणी वाचलंय का?

जुनीवही:
मध्ययुगातल्या समुद्री व्यापारावर काहीबाही वाचत होते तर जिकडेतिकडे तळटीपेत एकच नाव, एस. डी. गोइटाइन. शोधल्यावर कळलं की हे गृहस्थ १९०० साली बव्हेरियातल्या एका छोट्या गावात जन्मले, वडील रब्बाय (ज्यू धर्मगुरू), शिक्षण फ्रँकफर्ट आणि बर्लिनला, आणि डॉक्टरेट केली ती कुराणातल्या प्रार्थनेवर! मग त्यांच्या पुस्तकांतली ज्यू व्यापाऱ्यांची पत्रं, मंगळूर, सुपारी हे सगळं यांच्या आयुष्यात आलं कुठून? आणि भूमध्य समुद्राकाठच्या ज्यू समाजावरच्या त्यांच्या 'अ मेडिटरेनियन सोसायटी'चे जाडजूड खंड बघूनच धडकी भरली, सुरुवात कुठून करू?

पडवीतला_वाचक:
अरे वा, या माणसावर धागा येईल असं वाटलं नव्हतं. पन्नाशीपर्यंत त्याचं सगळं बरं चाललं होतं हो. १९२३ला पॅलेस्टाईनला गेला (त्याच बोटीत ज्यू गूढवादाचा अभ्यासक गेर्शोम शोलेम होता, म्हणजे पुढचे दोन दिग्गज एकाच डेकवर), हैफाला शाळेत शिकवलं, १९२८ला हिब्रू युनिव्हर्सिटीत लागला, नवव्या शतकातल्या बलाधुरीच्या अरबी इतिहासाचा एक खंड संपादित केला, मध्येच एक नाटकही लिहिलं, मग ब्रिटिशांच्या शिक्षण खात्यात अधिकारी. येमेनी ज्यूंची बोली, म्हणी, चालीरीती टिपून घ्यायचं वेड होतंच, त्यापायी १९४९ला एडनलाही जाऊन आला.

आणि मग गेनिझा. जुन्या कैरोत, फुस्तातला, बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) एक खोली होती, देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून तिथे टाकत गेले, आणि लोकांनी पुढे हिब्रू लिपीतलं काहीही टाकलं, अगदी बिलं, घटस्फोटाचे कागद, उधारीच्या याद्या. केंब्रिजच्या शेख्टर नावाच्या विद्वानाने १८९६-९७ मध्ये त्यातला मोठा ढीग केंब्रिजला नेला, जवळपास १ लाख ९० हजार तुकडे. पण विद्वान लोक तुटून पडले धर्मग्रंथांवर आणि कवितांवर, बिलं कोण वाचणार? ती गोइटाइनने वाचली. लिपी हिब्रू, भाषा अरबी, आणि त्याला दोन्ही येत होत्या, शिवाय येमेनी लोकांत बसून ऐकलेली बोलीही कानात होती. कुराणाचा अभ्यास वाया गेला म्हणताय का? तोच तर कामाला आला.

पानसुपारी:
भारताचा भाग मी सांगते, माझा आवडता. याच ढिगातल्या पत्रांत भेटतो अब्राहम बेन यिजू म्हणून एक व्यापारी, मूळचा ट्युनिशियातल्या महदियाचा, ११३२च्या सुमारास मंगळूरला आला, अशू नावाच्या दासीला मुक्त केलं, तांब्या-काशाची भांडी घडवायचा कारखाना काढला आणि ११४९ला एडनला परतला. एडनचे दोस्त मोडीत निघालेली भांडी पाठवायचे, त्यातून असं घडव, एवढ्या वजनाचं घडव अशा सूचनांसकट, आणि वर त्याच्यासाठी साखर आणि कागद भेट!

आणि ठाणेकरांनो ऐका. महरूझ नावाचा एक जण आपल्या मेव्हण्याला पत्र लिहितो, मेव्हणा समुद्री चाच्यांच्या तडाख्यात सापडून भडोचला अडकलेला. महरूझ म्हणतो पैसे लागले तर तिंबू नाखुदाकडून (नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक किंवा कप्तान) माझ्या नावावर घे, तो ठाण्यात आहे आणि आमची अगदी भावासारखी दोस्ती आहे. तिंबू हे नाव इथलंच वाटतं. बाराव्या शतकात ज्यू व्यापाऱ्याची पत ठाण्यातल्या नाखुदाकडे चालायची, हे कुठल्या राजाच्या शिलालेखात सापडलं असतं?

ही पत्रं दिसायलाही भारी असतात. कागद महाग, म्हणून पान भरलं की मजकूर समासात वळतो, मग पान उलटं धरून वरच्या कडेला. वाचणाऱ्याने पान गोल गोल फिरवत बसायचं.

उलटतपासणी:
सगळं मान्य, पण जरा मीठ टाकून वाचा. गोइटाइनचा फुस्तात फारच सुसह्य आहे, मेहनती मध्यमवर्ग, मोकळा व्यापार, मुसलमान-ज्यू शेजार गुण्यागोविंदाने. १९५७ला तो पेनसिल्व्हेनियाला शिकवायला गेला आणि अमेरिकेत राहून ही पत्रं घरची वाटतात असं त्याने स्वतःच लिहिलंय. म्हणजे चष्मा कुठला ते बघा. आणि जे लोक लिहीतच नव्हते त्यांचं काय?

पडवीतला_वाचक:
@उलटतपासणी, चष्मा आहेच, पण लपवलेला नाही ना. आणि जिझियाच्या पैशासाठी गरिबांची कशी फरफट व्हायची तेही त्यानेच लिहिलंय, कर भरता येत नाही म्हणून तोंड लपवून फिरणारी माणसं आहेत त्यात. मदत मागणाऱ्यांचे अर्ज, भाकरी वाटपाच्या याद्या, हे कोणी आधी बघितलं होतं?

जुनीवही:
बाप रे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद मंडळी. पण मग भारताच्या या व्यापारावर पुस्तक त्यांनी आधी का नाही लिहिलं?

पानसुपारी:
आधी तेच हाती घेतलं होतं गं! पण त्याच्या लक्षात आलं की मंगळूरला बसलेला माणूस कळायचा तर त्याचं कैरोतलं घरदार, कोर्टकचेऱ्या, सोयरीक आधी कळायला हवी, म्हणून ते बाजूला ठेवून भूमध्य समुद्राकडे वळला आणि त्यातच उरलेलं आयुष्य गेलं. 'मेडिटरेनियन सोसायटी'चा पहिला खंड १९६७, १९८३ला वयाच्या ८३व्या वर्षी अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप, पाचव्या खंडाचं हस्तलिखित पाठवलं आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये गेला. मागे २६ हजारांहून जास्त टिपणकार्डं. भारताचं पुस्तक त्याचा विद्यार्थी फ्रीडमनने पुरं केलं, २००८ला निघालं.

वाचायचं तर आधी १९७३चं व्यापाऱ्यांच्या पत्रांचं पुस्तक घे, ८० पत्रं आहेत भाषांतरित, कुठूनही उघड. मग 'मेडिटरेनियन सोसायटी'चा तिसरा खंड, कुटुंबाचा, त्यात नवरीबरोबर आलेल्या वस्तूंच्या याद्या आहेत, एकेका उशीची किंमत दिनारात. पहिला खंड बँका आणि हुंडी-व्यवहारांचा आहे, तो शेवटी ठेव नाहीतर तिथेच गाडी अडकेल. (अवांतर: सहावा खंड नुसती सूची आहे, पण तो जवळ असू दे, एखादा शब्द पकडून कुठेही शिरता येतं.)