मदत हवी आहे: झोन दाखल्यावर ‘अंशतः सीआरझेड-२, अंशतः कांदळवन बफर’ आलंय. घर बांधता येईल का?

खारीगावकर
पालिकेकडून झोन दाखला (जमीन कुठल्या विभागात येते त्याचा कागद) मिळाला. ‘रहिवास विभाग, अंशतः सीआरझेड-२, अंशतः ५० मी. कांदळवन बफरने बाधित’ असा शेरा आहे, म्हणजे काही भाग किनारा नियमन क्षेत्रात (सीआरझेड), काही खारफुटीभोवतीच्या राखीव पट्ट्यात. आर्किटेक्ट म्हणतो होऊन जाईल, बँकवाला फाइलच घेत नाही. सोमवारी बँकेत परत जायचंय. ‘वकील गाठा’ सोडून काहीही सांगा.

निशिगंध
मोकळा प्लॉट की घर? भाग नकाशा (तेवढ्या भागाचा झोन नकाशा) जोडलाय का दाखल्याला?

साडेबारा_टक्के
आधी एनएचं (बिगरशेती वापराचं) बघा. मंजूर डीपीत (विकास आराखड्यात) रहिवास असेल तर वेगळी एनए परवानगी लागत नाही, रूपांतरण कर भरला की झालं. आमच्या घणसोलीत अजून लोक फुकट चकरा मारतात.

खारीगावकर
एनएचं कोणी विचारलं? घर आहे, आजोबांचं. पाडून नवं बांधायचंय.

घोडबंदर_रोड
५० मीटर आलं की विषय संपला. आमच्याकडे २०१६ पासून नॅशनल पार्कचा इको सेन्सिटिव्ह झोन आहे, तेव्हापासून हेच बघतोय. विकून मोकळे व्हा.

डीपीवाला
@घोडबंदर_रोड, येऊरच्या जंगलाचं ठाणे खाडीकाठच्या खारीगावात कशाला आणता? दोन्ही १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालीच येतं, पण तुमचं अंतर जंगलाच्या हद्दीपासून, यांचं खाडी आणि खारफुटीपासून.

खारीगावकर, यात दोन वेगवेगळे पन्नास मीटर आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत खाडीकाठी सीआरझेड भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, जे कमी असेल ते (२०११ मध्ये १०० होतं). बफरचे ५० मात्र खारफुटीच्या कडेपासून मोजतात, तेही खारफुटी १००० चौ.मी.पेक्षा जास्त असेल तर. बफरचा तुकडा सीआरझेड-१ए (सगळ्यात कडक संरक्षणाचा भाग) मध्ये जातो, तिथे नवं बांधकाम धरूच नका. सीआरझेड-२ (आधीच वस्ती असलेला शहरी भाग) मध्ये जुनं अधिकृत घर पाडून त्याच वापरासाठी बांधता येतं, नगररचनेचे नियम पाळून. म्हणजे प्रश्न एवढाच की घर कुठल्या तुकड्यात बसतं, आणि अधिकृत असल्याचा कागद आहे का. नुसती घरपट्टीची पावती चालत नाही.

तिवर
दादा, आमच्या लहानपणी तिथे भातशेती होती. खारबांध फुटला, कोणी बांधला नाही, भरतीचं पाणी आत आलं आणि तिवरं (हीच खारफुटी) उगवली. घर आधीचं, झाडं नंतरची. आता झाडांपासून घराचं अंतर मोजणार? वा रे न्याय.

डीपीवाला
पटतंय. पण जमीन खासगी असली तरी तोडता येत नाहीत. हायकोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

तिवर
तोडायचं कोण म्हणालं? बांध दुरुस्त करा म्हणतोय, केव्हापासून.

ऐरोली_सेक्टर
तुमच्याकडे फ्लेमिंगो दिसतात का हो? आमच्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. खारफुटी आहे म्हणून पूर आवरतो, दाखल्यावरून चिडू नका.

खारीगावकर
ताई, मी चिडलो नाही, कर्ज अडलंय माझं. @डीपीवाला, घर कुठल्या तुकड्यात ते कळणार कसं? भाग नकाशावर नुसता हिरवा पट्टा मारलाय, घर दिसतच नाही.

डीपीवाला
भाग नकाशावरून नाही कळणार. किनारा व्यवस्थापनाचा मंजूर आराखडा १:२५,०००चा, त्यावर तुमचं घर टिंबाएवढंही नाही. आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मग अधिकृत संस्थेकडून भरतीरेषा आणि खारफुटीची कड १:४,००० च्या नकाशावर टाकून घ्या. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाकडून बरेच जण करतात. पैसे जातात, वेळही.

खारीगावकर
सोमवारपर्यंत?

डीपीवाला
नाही हो. सोमवारी बँकेत फक्त मोजणीच्या अर्जाची पोच द्या आणि मुदत मागा.

निशिगंध
घराच्या आणि खाडीच्या मध्ये आधीपासूनचा रस्ता आहे का? सीआरझेड-२ मध्ये तेही बघतात. आणि प्लॉटचं क्षेत्र किती ते अजून सांगितलं नाहीत.

साडेबारा_टक्के
एनएचा कर मात्र भरून टाका.