जुना जाव्हा प्लग-इन: राउटरवर सगळं बंद असताना 'नेटवर्कचे निर्बंध टळतात' म्हणजे नेमकं काय?

मांद्रे_लॉज:

नमस्कार मंडळी. मांद्र्याला आमचं घरचंच छोटं लॉज आहे. बांधलं वडिलांनी, हिशेब, बुकिंग आणि वायफायची कटकट माझ्याकडे. काउंटरवर विंडोज ७ चा जुना पीसी आहे. तो काढता येत नाही, कारण दोन गोष्टी फक्त त्याच्यावरच उघडतात. एक कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी), त्याला इंटरनेट एक्सप्लोरर आणि त्यातलं जोड-सॉफ्टवेअर अ‍ॅक्टिव्हएक्स लागतं. दुसरा नेटवर्क स्विच, सेकंडहँड घेतलेला. त्याच्या सेटिंगचं पान जाव्हा अ‍ॅपलेटमध्ये आहे. अ‍ॅपलेट म्हणजे पानासोबत उतरून ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम. ज्याने बसवून दिला त्याने जाव्हा ६ अपडेट २ टाकला आणि बजावून गेला, "अपडेट करू का विचारेल, नको म्हणा, नाहीतर पान उघडणार नाही."

परवा या आवृत्तीबद्दल शोधत होतो तर जाव्हा बनवणाऱ्या सन कंपनीची २००७ ची सूचना हाती लागली. अनोळखी अ‍ॅपलेट नेटवर्कचे निर्बंध टाळून भलत्याच मशीनशी जोडणी करू शकतं, असा तिचा मथितार्थ. आता माझी शंका अशी: आमच्या राउटरवर बाहेरून एकही पोर्ट (आत यायची वाट) उघडं नाही, मी स्वतः तपासलंय. मग टळतात ते निर्बंध कुठले? बाहेरचा आत येऊच शकत नसेल तर मी घाबरायचं कशाला?

एक सांगून ठेवतो, त्याच पीसीवर आतेबहीण बसते आणि मोकळ्या वेळात बातम्या, रेसिपी, वाट्टेल ते उघडते. चवथ झाली की सीझनची तयारी सुरू होईल, त्याआधी काय ते उरकायचंय.

कळंगुटचो_नेट:

विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. भंगारात द्या आणि नवीन घ्या. यात चर्चा कसली?

वजनकाटा:

भंगारात द्या म्हणायला पैसे पडत नाहीत. पोराने शंका बरोबर काढली आहे, तिला उत्तर देऊ.

सूचनेतले निर्बंध तुझ्या राउटरचे नव्हेत, अ‍ॅपलेटवरचे आहेत. जाव्हाचा सुरुवातीपासूनचा नियम असा: अ‍ॅपलेट ज्या सर्व्हरवरून उतरलं, नेटवर्कवर त्याने फक्त त्याच सर्व्हरशी बोलायचं, तिसऱ्याशी नाही. नियम का केला, ते बघ. अ‍ॅपलेट येतं बाहेरून, पण चालतं तुझ्या काउंटरवरच्या पीसीत, म्हणजे राउटरच्या आतल्या अंगाला. तिथून स्विच, डीव्हीआर, राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान, सगळं त्याला समोर दिसतं. राउटर अडवतो ते बाहेरून आत येणारं. आतल्या पीसीने आतल्याच डीव्हीआरला हाक मारली तर तो कशाला मध्ये पडेल? म्हणून 'बाहेरून एकही पोर्ट उघडं नाही' हे तुझं म्हणणं खरं असूनही इथे कामाला येत नाही. कोणी बाहेरून आत येतच नाही. आतेबहीण एक पान उघडते, त्या पानातला कोड आधीच आत असतो. त्याला बांधून ठेवणारी दोरी एकच, तो नियम.

आणि ती दोरी कच्ची निघाली. पहिल्यांदा फेब्रुवारी १९९६ मध्ये, नेटस्केप नॅव्हिगेटर २.० च्या काळात. प्रिन्स्टनच्या ड्रू डीन, एड फेल्टन आणि डॅन वॉलक यांनी दाखवून दिलं की 'त्याच सर्व्हरशी' हे जाव्हा नावावरून ठरवतो, आणि त्या नावाचा आयपी पत्ता सांगणारा डीएनएस हल्लेखोराच्याच हातात असतो. त्याने आपल्या नावाला दोन पत्ते दिले, एक स्वतःचा आणि एक तुझ्या आतल्या मशीनचा, की जाव्हा म्हणणार, नाव तेच आहे ना, मग जाऊ दे. त्यावर तोड निघाली ती अशी की पहिल्यांदा मिळालेला पत्ता धरून ठेवायचा, नंतर डीएनएसने काहीही सांगितलं तरी.

तरी २००७ मध्ये तेच दुखणं पुन्हा. का? कारण ब्राउझर आपली पत्त्यांची वही वेगळी ठेवतो आणि प्लग-इन, म्हणजे ब्राउझरमध्ये जाव्हा चालवणारा भाग, वेगळी. हल्लेखोर ब्राउझरला खरा पत्ता देतो आणि जरा वेळाने प्लग-इनने विचारलं की १९२.१६८.१.१ असा आतला पत्ता सांगतो. दोघेही आपापल्या वहीशी प्रामाणिक! स्टॅनफर्डच्या कॉलिन जॅक्सन, अ‍ॅडम बार्थ, डॅन बोने वगैरे मंडळींनी त्याच वर्षी यावर निबंध लिहिला. शंभर डॉलरच्या आत जाहिराती विकत घेऊन इतरांचे लाखभर आयपी पत्ते तात्पुरते वापरून घेता येतील, असा त्यांचा हिशेब होता. जाहिरातीतून, हे लक्षात घे. म्हणजे बहिणीने वाईट साइट उघडायलाच हवी असं नाही.

तू वाचलेल्या सूचनेत ऑक्टोबर २००७ ची याच जातीची दुखणी आहेत. त्यातलं एक, सीव्हीई-२००७-५२७३ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक), मला चांगलं आठवतं, कारण ते थेट आमच्यावर लागू होतं. डिचोलीकडे एका खाण कंपनीच्या कार्यालयात मी नेटवर्क बघायचो, २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत. सगळे पीसी एकाच प्रॉक्सीमागे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बाहेरची पानं आणणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे. अशा ठिकाणी अ‍ॅपलेट उतरवताना नावाचा पत्ता शोधते प्रॉक्सी, आणि अ‍ॅपलेट सॉकेट (थेट जोडणी) उघडायला गेलं की पत्ता शोधतो तो पीसी स्वतः. दोन वेगळे शोध, म्हणजे दोन वेगळी उत्तरं देण्याची सोय. प्रॉक्सी आम्ही सुरक्षेसाठी बसवली होती आणि फट तिच्यामुळेच पडत होती! टिपरच्या वजनकाट्याचा संगणक त्याच नेटवर्कवर, त्याच्या पानाला पासवर्ड नाही. "आतल्यांशिवाय कोण बघणार" हे साहेबांचं ठरलेलं वाक्य. आतले म्हणजे कोण, तर जिथे जाव्हा चालतो ते सगळे.

तुझ्याकडे प्रॉक्सी नसेल तर ती वाट नाही. पण त्याच वेळी जाहीर झालेलं सीव्हीई-२००७-५२३२ हे अ‍ॅपलेटच्या कॅशेबद्दल (साठवून ठेवलेल्या प्रतीबद्दल) आहे, त्याला प्रॉक्सी लागत नाही, आणि अपडेट २ मध्ये ते आहे. दुरुस्ती आली अपडेट ३ मध्ये. तुझा माणूस नेमका एक पायरी अलीकडे थांबला. अर्थात अपडेट ३ टाकून तू सुटत नाहीस. जाव्हा ६ मध्ये पुढे अशी भोकं सापडली की अ‍ॅपलेटवर निर्बंधच उरत नाहीत, ते साध्या प्रोग्रामसारखं हवं ते करतं.

डीव्हीआरचं अ‍ॅक्टिव्हएक्स तर त्याहून वाईट. तिथे निर्बंध टाळायचा प्रश्नच नाही, कारण ते मुळात पिंजऱ्यात नसतंच. एकदा 'हो' म्हटलं की ते विंडोजवरचा पूर्ण प्रोग्राम.

मांद्रे_लॉज:

काका, आता लख्ख कळलं. बहिणीला वेगळा पीसी द्यायचा हे ठरलं. पण जुन्याचं काय करू? डीव्हीआर बघायला तो लागणारच.

वजनकाटा:

ठेव की. फक्त त्याचं इंटरनेट तोड. नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी हाताने भर आणि डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा दरवाजा, म्हणजे राउटरचा पत्ता) व डीएनएस या दोन्ही जागा रिकाम्या सोड. डीव्हीआर आणि स्विच त्याच नेटवर्कवर असल्यामुळे उघडतील, बाहेरचं पान मात्र येणार नाही. पान नाही तर अनोळखी अ‍ॅपलेटही नाही. पेनड्राइव्ह त्याला लावू देऊ नकोस, बस्स.

पाहुण्यांचं वायफाय कुठल्या नेटवर्कवर आहे ते लिहिलं नाहीस. ऑफिसच्याच असेल तर आधी ते वेगळं कर, मग बाकीचं. तुझी बहीण निदान घरची आहे.

मडगाव_सीसीटीव्ही:

माझा धंदाच हा, म्हणून दोन ओळी. बऱ्याच जुन्या डीव्हीआरमध्ये आरटीएसपी (नेटवर्कवर थेट चित्र पाठवायची सोय) असतं, पोर्ट ५५४. सेटिंगमध्ये चालू असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये पत्ता टाकून नव्या पीसीवर थेट चित्र दिसतं, अ‍ॅक्टिव्हएक्स लागत नाही. रेकॉर्डिंग काढायला मॉनिटर आणि माउस डीव्हीआरलाच लावा. गिऱ्हाइकांना हे कोणी सांगत नाही. स्विचच्या मागे कन्सोल पोर्ट असेल तर केबल घेऊन तिथूनच सेटिंग करा. वर्षातून किती वेळा बदलता? आणि डीव्हीआरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तोच असेल तर वर काकांनी लिहिलेल्या भानगडीची हल्लेखोराला गरजसुद्धा नाही.

कळंगुटचो_नेट:

ठीक आहे, भंगार मागे घेतो. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालत असेल तर त्यात डीएनएस रिबाइंड संरक्षण आधीपासून चालू असतं. बाहेरच्या नावाला आतला पत्ता असं उत्तर आलं की राउटर ते टाकून देतो. ते बंद करू नका.

मांद्रे_लॉज:

गेटवे रिकामा केला, डीव्हीआर उघडतोय. पाहुण्यांचं वायफाय त्याच नेटवर्कवर होतं, आज रात्री वेगळं करतो. आणखी एकच. प्लग-इनचा जमाना तर गेला ना? मग नव्या पीसीवर सीएच्या माणसाने डिजिटल सहीच्या टोकनसाठी एक सॉफ्टवेअर टाकलंय, ते घड्याळाजवळ सतत चालू दिसतं. ते काय?

वजनकाटा:

जमाना गेला खरा. क्रोमने २०१५ मध्ये जुने प्लग-इन काढले, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपला. पण ब्राउझरला यूएसबी टोकनपर्यंत पोचवायची गरज कुठे गेली? म्हणून आता तेच काम पीसीवर चालणारा एक छोटा सर्व्हर करतो. १२७.०.०.१ वर, म्हणजे पीसीच्या स्वतःच्याच पत्त्यावर बसतो आणि वेबसाइट त्याच्याशी बोलते. नीट लिहिलेला असेल तर कोण बोलतंय ते तपासतो. नसेल तर कोणतंही पान त्याला हाक मारू शकतं. २०१९ मध्ये झूमचा मॅकवरचा असाच सर्व्हर गाजला होता. कुठलंही संकेतस्थळ माणसाला त्याच्या नकळत कॉलमध्ये ओढू शकत होतं, आणि झूम काढून टाकलं तरी सर्व्हर मागे राहायचा.

क्रोम १४२ पासून एखादं संकेतस्थळ तुझ्या आतल्या नेटवर्कशी बोलू पाहत असेल तर परवानगी विचारतो. सहीच्या पोर्टलला 'हो' म्हण. रेसिपीच्या पानाने विचारलं तर 'नाही', आणि ते पान कुठलं ते इथे लिही, मला बघायचंय. सहीचं काम झालं की ते घड्याळाजवळचं चिन्ह उजव्या क्लिकने बंद कर, आणि सीएला विचार, त्याची नवी आवृत्ती आली आहे का.