घट्ट कुरळे केस कमी उष्णतेत सरळ कसे ठेवावेत?

प्रश्न : बोरीकाठ (अमळनेर)

माझे केस नुसते कुरळे नाहीत. प्रत्येक बट बारीक, घट्ट वेटोळ्यांची आहे. ओले असताना पाठीपर्यंत येणारे केस वाळले की कानाच्या जरा खाली येऊन थांबतात. आजीकडून आलेले हे केस मला मनापासून आवडतात आणि ते कायमचे सरळ करून घेण्याची माझी अजिबात इच्छा नाही. तरीही वर्षातून काही वेळा, एखाद्या लग्नकार्यात किंवा महाविद्यालयातल्या कार्यक्रमात, ते सरळ सोडावेत असे वाटते.

अडचण अशी आहे की पार्लरमध्ये माझे केस पाहिले की ‘तुमचे केस फार जाड आहेत, कमी तापमान पुरणार नाही’ असे सांगून प्रेसिंग मशीन थेट २३० अंशांवर लावले जाते आणि एकाच बटेवरून चार-पाच वेळा फिरवले जाते. आता कपाळाजवळच्या काही बटा धुतल्यानंतरही पूर्वीसारख्या वळत नाहीत. टोकाकडे त्या झाडूच्या काड्यांसारख्या ताठ आणि विरळ राहतात. केराटिन, स्मूदनिंग असे रसायने लावून केस सरळ करण्याचे पर्यायही मला सुचवण्यात आले आहेत, परंतु ते सुरक्षित आहेत का, याची खात्री वाटत नाही.

आखाजी झाली की लगेच मामेबहिणीचे लग्न आहे. मशीन अजिबात टाळता येत नसेल, तर निदान त्याचा वापर किती कमी करता येईल, तापमान किती ठेवावे, आणि मशीन लावण्यापूर्वी केसांना खोबरेल तेल लावणे योग्य की अयोग्य, हे कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे. आमच्याकडे वापरायला बोअरचे जड पाणी आहे, हेही नमूद करते.

उत्तर : मेहरूण (जळगाव)

ताई, मी अनेक वर्षांपासून पार्लर चालवते आणि तुमच्यासारखे केस असलेल्या मुली माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घनदाट डोके आणि जाड केस या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घट्ट कुरळे केस डोक्यावर भरगच्च दिसतात, परंतु त्यातला एक केस सुटा करून बोटांत धरला तर तो बहुधा बारीक, चपटसर आणि नाजूक असतो. प्रत्येक वळणावर तो कमजोर असतो आणि मुळाशी तयार होणारे नैसर्गिक तेल इतकी वळणे ओलांडून टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तो कोरडाही असतो. अशा केसांना सर्वांत जास्त उष्णता द्यावी ही समजूत पूर्णपणे उलटी आहे.

दुसरी गोष्ट, केस सरळ करण्याचे तीन चतुर्थांश काम वाळवताना व्हायला हवे. केस ओले असताना ताणून धरले आणि त्याच अवस्थेत पूर्ण कोरडे होऊ दिले, तर मशीनला फक्त शेवटची सफाई करावी लागते. बहुतेक ठिकाणी घाई असते, म्हणून आक्रसलेल्या, अर्धवट ओल्या केसांवरच मशीन चालवले जाते आणि मग तापमान वाढवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

धुण्यापासून सुरुवात करा. बोअरच्या पाण्यातले क्षार केसांवर बसून केस राठ होतात, त्यामुळे ज्याच्या वेष्टनावर घटकांमध्ये ‘ईडीटीए’ लिहिलेले असेल असा शॅम्पू त्या दिवशी वापरा आणि शेवटचे दोन तांबे पाणी फिल्टरचे घ्या. भरपूर कंडिशनर लावून, तो केसांत असतानाच, रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवा. तुमच्यासारख्या केसांचा गुंता कोरडेपणी कधीही सोडवू नये.

धुतल्यानंतर टॉवेलने घासू नका, जुन्या सुती ओढणीने दाबून पाणी टिपा. थोडेसे लीव्ह-इन कंडिशनर (न धुता केसांतच राहू द्यायचे) लावून केसांचे लहान भाग करा आणि मोठ्या आकाराच्या, गुळगुळीत प्लास्टिकच्या रोलरवर ताणून गुंडाळा. रोलर जितका मोठा, तितका केस सरळ. चिकटपट्टीसारखे काटे असलेले रोलर घेऊ नका, कारण घट्ट कुरळे केस त्यांत अडकतात आणि काढताना तुटतात. रोलरवर केस पूर्ण वाळू द्या. ‘पूर्ण’ या शब्दावर माझा भर आहे, कारण आतला थर किंचित दमट राहिला तरी सोडल्याबरोबर केस पुन्हा वर चढतात. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या कोरड्या हवेचा इथे मोठा फायदा होतो. मुंबईच्या बहिणींना ड्रायरखाली बसावे लागते, तिथे आपल्याला सावलीत, पंख्याखाली बसले तरी पुरते. फक्त उन्हात बसू नका.

रोलर काढल्यावर केस जवळजवळ सरळ, थोडे फुगीर दिसतील. अनेक जणी इथेच थांबतात आणि ते छान दिसतात. अधिक सफाई हवी असेल तर उष्णतेपासून संरक्षण देणारा स्प्रे किंवा सिरम सगळीकडे सारखे लावा, ते वाळू द्या आणि मशीन १५० ते १६० अंशांवर ठेवा. बट अर्ध्या इंचाहून जाड घेऊ नका. टेल कोंब (शेपटीसारख्या दांड्याचा बारीक कंगवा) मशीनच्या किंचित पुढे ठेवून, कंगव्यामागोमाग मशीन न थांबता एकदाच मुळापासून टोकापर्यंत न्या. एकदा फिरवून बट सरळ झाली नाही तर तिथे ओलावा शिल्लक आहे किंवा बट जाड घेतली आहे, असे समजा आणि ती कारणे दूर करा. माझ्याकडे या पद्धतीने १७० अंशांच्या पुढे जाण्याची वेळ क्वचितच येते.

खोबरेल तेल आदल्या रात्री, धुण्यापूर्वी लावा. केस धुताना त्यांतली प्रथिने झिजतात, ती झीज खोबरेल तेलाने कमी होते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनातही दिसून आले आहे. मात्र मशीनच्या आधी तेल नको. तेल लावलेल्या केसांतून धूर येतो आणि त्याने संरक्षण होत नाही.

कपाळाजवळच्या ज्या बटा वळायच्या थांबल्या आहेत, त्या पूर्ववत होणार नाहीत, हे सांगताना मलाही वाईट वाटते. तो भाग वाढत खाली जाईल तसा थोडा थोडा कापत राहणे, एवढाच खरा उपाय आहे. कोणी सिरम विकत असेल तर त्यावर पैसे घालवू नका.

उत्तर : पांझराकाठ (धुळे)

मी रसायनशास्त्र शिकवते. वरच्या उत्तरामागचे कारण थोडक्यात मांडते, कारण ते कळले की पार्लरमध्ये ठामपणे बोलता येते.

केसातल्या केराटिनच्या, म्हणजे केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाच्या, साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. गंधकाचे बंध पक्के असतात आणि तुमचे नैसर्गिक वेटोळे टिकवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांच्या जोडीला असंख्य हायड्रोजन बंध असतात, जे पाण्याने सुटतात आणि पाणी गेले की केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. रोलर किंवा बेताच्या तापमानाचे मशीन मुख्यतः या दुसऱ्या बंधांवर काम करते. म्हणूनच हवेतला ओलावा लागला की केस मूळ वळणावर जातात, आणि तुम्हाला वळण जपायचे असल्यामुळे तेच तुमच्या हिताचे आहे.

ओल्या केसावर तापलेले मशीन लावण्याचा धोका मात्र वेगळा आहे. केसाच्या आत अडकलेले पाणी एकदम उकळते, वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात, आणि केस तिथेच तुटतो. शिवाय ओल्या केसातले केराटिन कोरड्या केसापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला बिघडते. ‘चर्र’ असा आवाज आला की मशीन तत्काळ दूर करायला सांगावे.

केराटिन आणि स्मूदनिंगबाबत तुमची शंका रास्त आहे. यांपैकी अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो, आणि तो मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. २०२२ साली अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत, केस सरळ करणारी रसायने वारंवार वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. त्यावरून रसायन हेच कारण असे सिद्ध होत नाही, परंतु सावध होण्यास ते पुरेसे आहे. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. लग्नातल्या दोन दिवसांसाठी हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : गोमाईकाठ (शहादा)

रोलर नसतील तर एक आणखी साधी पद्धत आहे. पुण्यात शिकत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत नायजेरियाची एक मुलगी राहत होती आणि तिच्याकडून मी ती शिकले. तिच्या योरुबा भाषेत या पद्धतीला ‘इरुन किको’ म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत पिढ्यानपिढ्या मुलींचे केस असे बांधले जातात आणि यात उष्णतेचा अजिबात संबंध नाही.

धुऊन ऐंशी टक्के वाळलेल्या केसांचे दहा-बारा भाग करायचे. एका भागाच्या मुळाशी जाडसर, गुळगुळीत दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे, मग केस हाताने खाली ताणून तोच दोरा थोड्या थोड्या अंतराने वेढत टोकापर्यंत न्यायचा आणि गाठ मारायची. बट काडीसारखी लांब उभी राहते. वेढे अगदी जवळजवळ दिले तर केस अधिक सरळ होतात. रात्रभर ठेवून सकाळी दोरा उलटा उलगडायचा. मी सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा दोरा वापरते, कारण सुती दोरा केसांतला ओलावा शोषतो आणि तंतू अडकतात. मुळाशी दुखले, बारीक पुटकुळ्या आल्या किंवा भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर लगेच सैल करा. कपाळाजवळचे केस सततच्या ताणाने कायमचे जातात, आणि तुमचे तेच केस आधीच अशक्त झाले आहेत.

आपल्याकडच्या बहुतेक पार्लरना घट्ट कुरळ्या केसांची सवय नाही, हे खरे आहे, परंतु हे ज्ञान जगात नवीन नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेगडीवर तापवलेल्या धातूच्या कंगव्याने केस सरळ करत असत, आणि मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) यांनी त्यांच्यासाठी केसांच्या निगेचा मोठा उद्योग उभारला. पुढच्या पिढ्यांतल्या अनेकींनी रोलर, दोरा आणि ताणून वाळवण्याच्या पद्धतींकडे पुन्हा लक्ष दिले. आपण त्यांच्या अनुभवावरून थेट शिकावे, असे मला फार वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : बोरीकाठ (अमळनेर)

तिघींचेही मनापासून आभार. एक शंका उरते. साखरपुडा, हळद आणि लग्न असे कार्यक्रम सलग आहेत. रोज मशीन न लावता केस टिकवायचे कसे? घरात रात्री कुलर चालू असतो आणि दिवसा दुचाकीवर स्टोल बांधल्याशिवाय बाहेर पडणे शक्य नाही.

उत्तर : मेहरूण (जळगाव)

ताई, तुम्ही नेमके तेच विचारले ज्यामुळे खानदेशात सरळ केलेले केस बिघडतात. बाहेर पारा ४५ अंशांजवळ आणि हवा कोरडी असते, म्हणजे केसांना अनुकूल. पण रात्रभर कुलरचा दमट झोत डोक्यावर घेतला की सकाळी सगळे वळण परत येते. पलंग कुलरच्या समोरून बाजूला घ्या, किंवा पहाटे गारवा आल्यावर कुलरची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा.

झोपताना केस बांधू नका. मधोमध भांग पाडून सगळे केस एकाच दिशेने डोक्याभोवती सपाट गुंडाळत न्या, लहान पिनांनी बसवा आणि वर साटीनचा रुमाल किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा बांधा. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या पार्लरमध्ये या गुंडाळण्याला ‘तुबी’ म्हणतात आणि तिथल्या स्त्रिया रोलरचे केस असेच पुढचे अनेक दिवस टिकवतात. सकाळी पिना काढून केस हाताने झटकले तरी पुरते.

स्टोलचा उपायही असाच आहे. सुती स्टोल घाम शोषतो, पण केसही घासतो, आणि मुळाशी घाम साचून तिथूनच वळण सुरू होते. आधी साटीनचा पातळ रुमाल, त्यावर स्टोल. घरी पोहोचल्यावर स्टोल लगेच सोडा, मुळांना थंड हवेच्या ड्रायरने वारा द्या आणि मगच केसांना हात लावा. या दिवसांत ग्लिसरीन किंवा कोरफड असलेले काहीही लावू नका, कारण ती ओलावा धरून ठेवतात. सिलिकॉनच्या सिरमचे दोन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांना लावा. मुळाशी वळण आलेच तर तेवढ्याच भागावर रात्री दोन मोठे रोलर लावा; पूर्ण डोक्याला पुन्हा मशीन लावायचे नाही.

शेवटी, लग्नाच्या काही दिवस आधी एकदा फक्त धुऊन, रोलरवर वाळवून पाहा. मशीन लावू नका. कोणता भाग वाळवण्याने सरळ होतो आणि कोणत्या भागाला थोडी मदत लागते, हे तेव्हाच कळेल. मागच्या बाजूचे केस बहुधा आपोआप जमतात आणि कानामागचे हट्टी असतात. मग कोणत्याही पार्लरमध्ये गेलात तरी पूर्ण वाळलेले, ताणलेले केस घेऊनच खुर्चीत बसा, मशीनच्या पडद्यावरचा आकडा स्वतः वाचा, आणि १६० च्या वर गेलेला दिसला तर कमी करून घेतल्याशिवाय पहिली बट त्यांच्या हातात देऊ नका.